फसलेल्या केसचा तास

रिसबूड सरांनी अंधाऱ्या खोलीत बसून तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि वर, "खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?" असं विचारलं. हेमांगी हसली. डॉ. हेमांगी साखळकर मिरजेत पंचवीस वर्षं डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करत होती. त्या खुर्चीत बसून काही हजार माणसांनी तिला ही ओळ वाचून दाखवली असेल, पण सरांनी वाचली की तिला अजूनही परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. तिला हे काम सरांनीच शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी, २०३७ साली, त्यांच्याच दोन्ही डोळ्यांत तिनं नवं तरलभिंग घातलं, तेव्हा तिचं मनगट टेकवायचं राहून गेलं होतं, आणि टेबलावर आडवे पडलेले सर कापडाखालून दटावत होते, "मनगट टेकव. किती वेळा सांगायचं तुला?"

तिनं संगणकात नोंद केली. उजवा डोळा सिक्स बाय सिक्स, डावा डोळा सिक्स बाय सिक्स. सहा मीटरवरून निकोप डोळ्याला जे दिसायला हवं, ते सगळं दिसतं, असा त्याचा अर्थ. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला, चष्म्याशिवाय. नोंद होताच पडद्यावर हिरवी खूण उमटली.

दोघं बाहेर व्हरांड्यात आले. फेब्रुवारीतलं सकाळचं ऊन पांढऱ्या फरशीवर लख्ख पडलं होतं. समोर रेश्मा नावाची सव्वीस वर्षांची नर्स हातात फाइल घेऊन उभी होती. सर तिच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हेमांगी, आता मला पुढच्या वर्षीची तारीख देऊन टाक. जगलो तर येईन."

रेश्मा गोंधळली. हेमांगी सरांच्या मागेच उभी होती. तिला वाटलं, सर थट्टा करतायत. मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते रेश्माकडूनच उत्तराची वाट पाहत होते.

"सर, मी इकडे आहे."

सर वळले. चूक पकडली गेल्यावर माणसं ओशाळतात, तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. उलट बरेच दिवस वाट पाहायला लावणारा पाहुणा शेवटी आला, अशा थाटात ते म्हणाले, "चल, आत बसू."

आत बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. अंधारात सगळं ठणठणीत दिसतं. पुस्तक वाचता येतं, कारण कागद पांढरा आणि अक्षर काळं. पण उजेडात आलं की सगळ्यावर खडूची भुकटी पसरल्यासारखी होते. चेहरा म्हणजे नुसता फिकट गोल. नाक, डोळे, हसू, राग, काही कळत नाही. पायरीची कड दिसत नाही. दुधाचा पेला आणि त्याखालची पांढरी बशी एकच वाटते. हे गेली दोन वर्षं चाललंय.

"दोन वर्षं? मग दोन वर्षं बोलला का नाहीत?" हेमांगीचा आवाज चढला.

"तू विचारलंस का?" सर तिच्याहून शांत होते. "तू विचारलंस, ओळ वाचा. मी वाचली. तुझ्या रजिस्टरात तेवढाच एक रकाना आहे. म्हटलं, बघू तरी, ही कधी विचारते की सर, तुम्हाला दिसतं कसं? नाही विचारलंस."

तिला राग आला. स्वतःच्या डोळ्यांशी खेळून शिष्येची परीक्षा घेणारा हा म्हातारा तिला त्या क्षणी असह्य झाला. आणि रागाच्या पाठोपाठ शरम आली, कारण म्हातारा खोटं बोलत नव्हता.

"आता एकच कर," सर उठत म्हणाले. "पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे. फसलेल्या केसच्या तासाला माझी केस सांग. नावानिशी सांग."

हा तास काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर सरांचा हट्ट कळायचा नाही. १९८३ साली मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा. तरुण रिसबूड आणि आणखी अकरा जण डोळ्यातच भिंग बसवू लागले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या जुन्या संघटनेनं त्यांना निबंध वाचायला मनाई केली. 'डोळ्यात प्लास्टिक खुपसणारे' अशी त्यांची भर सभेत टवाळी झाली. मग या बारा जणांनी कोल्हापुरातल्या एका लॉजच्या खोलीत आपलं वेगळं भिंगारोपण मंडळ काढलं. त्याचा एकच नियम होता. वर्षातून एकदा जमायचं, दार लावायचं, आणि पहिल्या तासात प्रत्येकानं उभं राहून वर्षभरातली आपली सगळ्यात वाईट फसलेली केस सांगायची. सबब सांगायची नाही. ऐकणाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारायचे. काय केलंस? आता काय करशील?

त्या तासानं जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. कुठल्या बनावटीच्या भिंगाची टोकं डोळ्याच्या बाहुलीच्या कडेला कापतात, कुठल्या द्रवानं बुबुळ पांढरं होतं, भिंग नेमकं कुठे बसवलं म्हणजे वर्षानुवर्षं हलत नाही, हे सगळं कुणाच्या तरी डोळ्याच्या बदल्यात कळलेलं होतं. एकाचा डोळा गेला तो गेलाच. पण पुढचे दहा हजार वाचले. वीस वर्षांनी जुनी संघटना मंडळाकडूनच शिकायला येऊ लागली. आता मंडळाचे सातशेवर सभासद होते, आणि मंडळानं 'होय' म्हटल्याशिवाय सरकार कुठलंही नवं भिंग आपल्या मोफत योजनेत घेत नव्हतं.

यंदा मंडळाला 'होय' म्हणायचं होतं ते तरलभिंगाला.

आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असतं. जवळचं पाहायचं झालं की भोवतालचा स्नायू त्या भिंगाला फुगवतो, लांबचं पाहताना चपटं करतो. वयपरत्वे ते कडक होतं आणि शेवटी गढूळ होतं, तो मोतीबिंदू. आजवर गढूळ भिंग काढून त्या पिशवीत प्लास्टिकचं भिंग ठेवत. ते स्वच्छ असे, पण निबर. स्नायूनं कितीही दाबलं तरी त्याचा आकार बदलत नसे, म्हणून वाचायला चष्मा लागेच. तरलभिंग म्हणजे एक द्रव. पिशवीला सुईएवढं भोक पाडून आतला गढूळपणा शोषून घ्यायचा, त्याच भोकातून हा द्रव भरायचा आणि वर चाळीस सेकंद निळा प्रकाश टाकायचा. द्रवाची मऊ जेली होते, विशीतल्या भिंगाइतकी मऊ. स्नायू पुन्हा कामाला लागतो. सत्तरीतली माणसं सुईत दोरा ओवू लागली तेव्हा हेमांगीनं स्वतः तीन वृत्तपत्रांत लेख लिहिले होते. मंडळाच्या पाहणीतली पहिली तीनशे बारा भिंगं तिनं घातली होती, आणि पाहणीच्या निष्कर्षाखाली पहिली सही तिची होती.

एक केस म्हणजे काही सिद्ध होत नाही, असं तिनं त्या रात्री स्वतःला आठ-दहा वेळा बजावलं. मग सकाळी रेश्माला सांगून पाहणीतल्या जुन्या वीस जणांना बोलावून घेतलं.

त्यांत तासगावच्या मालनबाई चौगुले होत्या. एकसष्ट वर्षांच्या, काटक, हातातली पिशवी क्षणभरही खाली न ठेवणाऱ्या. त्यांनी अंधाऱ्या खोलीत शेवटची ओळ एका दमात वाचली. हेमांगीनं मग दुसरा तक्ता लावला. यात अक्षरं सगळी सारख्याच मोठ्या आकाराची असतात, फक्त काळी, मग करडी, मग आणखी फिकट होत जातात. आणि या वेळी तिनं खिडकीचा पडदा बाजूला सारला. मालनबाई तिसऱ्या अक्षरावर थांबल्या.

"फुडं काय न्हाईच की वो," त्या म्हणाल्या. "कोरा कागुद हाय."

पुढे नऊ अक्षरं होती.

"मालनबाई, घरी कामात काही अडचण येते का?"

मालनबाई एवढ्याचीच वाट पाहत असाव्यात. "आडचन? आवो, कामच ऱ्हायलं न्हाई. तीस वरसं बेदाना निवडला म्या. हिरवा येगळा, पिवळा येगळा, काळा पडल्याला येगळा. डोळं झाकून निवडत हुते म्हना ना. गेल्या साली मुकादम म्हनला, मावशे, तुझ्या ताटात समदा एकच माल जातोय. दोनदा पेट्या माघारी आल्या. मग काढलं मला."

"मग माझ्याकडे का आला नाहीत?"

"आल्ते की. दोनदा आल्ते. तुमच्या पोरीनी वळ वाचाय लावली. म्या वाचली. त्या म्हनल्या, मावशी, डोळं येकदम फस्क्लास. मग म्या म्हनलं, आपलंच डोस्कं फिरलं आसंल म्हातारपनी." त्या जरा पुढे झुकल्या. "डॉक्टरीनबाई, डोळं चांगलं हाईत न्हवं?"

हेमांगीनं मालनबाईंचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, भिंग हजारपट मोठं करून पाहिलं, आणि तिला ते दिसलं. जेलीच्या पोटात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकले होते, हजारोंनी. अंधारात त्यांचा त्रास नव्हता. पण बाजूनं ऊन आलं की प्रत्येक थेंब थोडा थोडा प्रकाश उधळायचा, आणि त्या उधळलेल्या उजेडात फिकट रंगांतले फरक बुडून जायचे. चार वर्षं जेली डोळ्यातलं पाणी शोषत होती, आणि चार वर्षं सगळ्या महाराष्ट्रात तिचे सहव्यवसायी रुग्णांना अंधाऱ्या खोलीत बसवून काळी अक्षरं वाचायला लावत होते. डॉक्टरांना ही खोडच असते. जो रकाना भरता येतो तेवढंच त्यांना खरं वाटतं.

वीसपैकी अकरा जणांच्या डोळ्यांत थेंब निघाले. उपाय नव्हता. जेली पिशवीला चिकटून बसते, ती ओढली तर पिशवी फाटते आणि मग साधं प्लास्टिकचं भिंग ठेवायलाही आधार उरत नाही. सव्वाचार हजार डोळ्यांत ती आधीच गेली होती. मंडळानं शिफारस केली तर येत्या वर्षात आणखी सहा लाख डोळ्यांत जाणार होती. म्हणजे अधिवेशनाआधी कुणीतरी हे थांबवायला हवं होतं, आणि ते 'कुणीतरी' तिच्याशिवाय दुसरं कुणी असण्याची सोय नव्हती.

ती कोल्हापूरला गेली. मंडळाचा अध्यक्ष अजित तेरदाळकर तिचा वर्गमित्र. सरांच्या हाताखाली दोघं एकदमच घडलेले. एकाच मायक्रोस्कोपवर पाळीपाळीनं बसायचे आणि एकमेकांच्या डब्यातलं खायचे. तिनं अकरा डोळ्यांचे फोटो त्याच्या टेबलावर पसरले. त्यानं ते नीट पाहिले. अजित वाईट डॉक्टर कधीच नव्हता, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीतली अडचण तीच आहे.

"व्हय, थेंब हाईत," तो म्हणाला. रुग्णांशी तो पुस्तकी बोलायचा, तिच्याशी मात्र कोल्हापुरी. "पण वीसात अकरा म्हणजे किती गं? उद्या दुसऱ्या कुणाच्या वीसात दोन निघतील."

"म्हणून तर शिफारस एक वर्ष थांबवू. सगळे तपासू."

"एक वर्ष थांबवायचं म्हणजे कायमचं थांबवायचं, हेमा. सरकारात यावर्षी जो माणूस आहे तो पुढच्या वर्षी असेल काय? आणि ऐक की जरा. त्र्याऐंशी साली सरांच्या पहिल्या शंभर भिंगांतली तीस बिघडली होती. तेव्हा त्यांनी गावभर दवंडी पिटली असती, तर आज लोक जाड चष्मे लावूनच फिरले असते."

"ते आपापसात तरी बोलले, अजित. आणि पुढची शंभर तशीच घातली नाहीत."

"मग तू पण बोल की! कोण नको म्हणतंय?" त्यानं दोन्ही हात पसरले. "फसलेल्या केसचा तास तुझाच. पंधरा मिनिटं देतो. सगळं सांग, काही लपवू नको. त्यासाठीच तर आहे आपलं मंडळ."

ती आली होती भांडायच्या तयारीनं आणि समोरचं दार सताड उघडं निघालं. परतीच्या वाटेवर तिला हलकं वाटलं. घरी पोचल्यावर तिनं सरांना फोन केला. सर म्हणाले, "मी येतोय. पहिल्या रांगेत बसव मला. दिसणार नाही, पण ऐकू येईल."

अठ्ठावन्नावं अधिवेशन एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात होतं. दारातच बक्षिसांचं टेबल मांडलेलं होतं, आणि त्यावर बाकीच्या ढालींच्या मधोमध एक चांदीचा करंडक होता. 'सर्वोत्कृष्ट फसलेली केस' असं त्यावर कोरलेलं होतं. सातशे जणांनी आपापली केस सांगायची तर तीन दिवस लागतील, म्हणून कधीतरी पाच केसेस निवडायची पद्धत पडली होती. निवड आली म्हणून चुरस आली, आणि चुरस आली म्हणून करंडक. लोक महिनाभर तालीम करून येत. दोन वर्षांपूर्वी एकानं फुटलेल्या पिशवीच्या चित्रफितीला मागून सारंगीचे सूर जोडले होते, आणि करंडक त्यालाच मिळाला होता. हेमांगीनं तेव्हा परीक्षक म्हणून त्याला दहापैकी नऊ दिले होते. आज ते आठवून तिला स्वतःची किळस आली.

ती बोलायला उभी राहिली ती काही तालीम न करता. तिनं सरांचं नाव घेतलं. सर पहिल्या रांगेत ताठ बसले होते. तिनं बेदाण्याची गोष्ट सांगितली. थेंबांचे फोटो दाखवले. आपणच लिहिलेल्या निष्कर्षातला चुकलेला रकाना दाखवला. "आपण रुग्णाला काय वाचता येतं ते विचारलं, काय दिसतं ते विचारलं नाही," ती म्हणाली. "मी तीनशे बारा डोळ्यांत हे भिंग घातलं. आता एकही घालणार नाही. आणि सगळे डोळे तपासून होईपर्यंत या सभागृहानं शिफारस करू नये, अशी माझी मागणी आहे."

काही जणांच्या माना खाली गेल्या. तिला वाटलं, पोचलं. मग मागून कुणीतरी उठून टाळ्या वाजवू लागलं, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. किती वेळ वाजवत होते! खाली उतरल्यावर लोक तिचे हात हातात घेत होते. एक तरुण डॉक्टरीण रडत होती. "मॅडम, असं प्रामाणिक बोलणं आजकाल कुठे ऐकायला मिळतं," ती म्हणाली. "मॅडम, काय प्रेझेंटेशन होतं," दुसरा म्हणाला. "ती बेदाण्याची कल्पना तर फारच सुंदर."

"कल्पना नाही ती," हेमांगी म्हणाली. पण तो पुढे चहाकडे सरकला होता.

चहाच्या वेळी अजितनं तिला खांबाआड बाजूला घेतलं. चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं. "जिंकलंस. आता ऐक. कार्यकारिणीनं तुझं म्हणणं मनावर घेतलंय. ठरावात एक कलम वाढवतोय. शिफारस, आणि तिच्याबरोबर पाच वर्षांची अभ्याससमिती. ज्यांच्या डोळ्यांत जेली गेलीय त्या सगळ्यांची कायम मोफत तपासणी. समितीची प्रमुख तू."

"आणि तोवर घालत राहायची?"

"घालत राहायची आणि बघत राहायचं. ठराव एकच हाय, हेमा, तोडून मिळायचा नाही. एकमतानं गेला तर सरकार समिती मान्य करणार, तसं बोलणं झालंय माझं. एक जरी हात विरोधात गेला तर ते म्हणतील, तुमच्यातच मतभेद हाईत, समितीबिमिती सोडा, नुसती शिफारस पाठवा. शिफारस तर बहुमतानं होणारच की. मग तुझ्या त्या बेदाणेवाल्या बाईकडे कोण बघणार?"

"तू मला कोंडीत पकडतोयस."

"काय खुळी काय तू? मी तुला वाट काढून देतोय." आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

तिनं हिशेब मांडून पाहिला. ती विरोधात गेली तरी सहा लाख डोळे थांबत नाहीत. बाजूनं गेली तर निदान सव्वाचार हजारांना कुणीतरी विचारील, की तुम्हाला दिसतं कसं. उत्तर बरोबर होतं. कितीदाही मांडलं तरी तेच येत होतं. तरी तिनं चहाचा भरलेला कप तसाच ठेवून दिला.

मतदानाच्या वेळी ती सरांच्या डाव्या बाजूला बसली होती. सभागृहातले सगळे दिवे लावले होते, कारण हात मोजायला आता छतावरचा कॅमेरा असे आणि त्याला उजेड लागे. सर डोळे बारीक करून समोर पाहत होते. समोर त्यांच्यापुरतं दूधच सांडलेलं होतं.

"छान बोललीस," ते पुटपुटले. "सबब सांगितली नाहीस. आता बघू, किती जणांना कणा आहे."

अजितनं ठराव वाचला. सरांनी समितीचं कलम ऐकलं आणि नाक मुरडलं. "लाच आहे ही," ते म्हणाले. मग अजित म्हणाला, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावा."

सगळीकडून कपड्यांची सळसळ झाली. हेमांगीनं डावा हात वर केला. सरांपासून लांबचा. तो वर जाताना तिला जाणवलं, की उजवा करायचा नाही हे तिनं चहाच्या वेळीच ठरवून टाकलं होतं.

"विरोधात?"

सरांचा हात ताबडतोब वर गेला, अगदी सरळ. अजितनं तो पाहिला आणि मायेनं नजर दुसरीकडे वळवली. ऐंशीनंतर संस्थापकांना मानद सभासद करतात. त्यांना हार मिळतो, मत नसतं. हे सरांना कुणी सांगितलं असेल तर ते विसरले होते, किंवा कुणी सांगितलंच नव्हतं. समोरच्या भव्य पडद्यावर, फिक्या निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत आकडे आले. बाजूनं ६१२. विरोधात ०. खाली, त्याच पांढऱ्या रंगात, 'एकमतानं मंजूर'. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सर तिच्याकडे झुकले. "काय आलं गं? मला नुसतं निळं दिसतंय. विरोधात किती?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"दोन, सर."

"म्हणजे तू आणि मी." आणि, तिला अपेक्षाच नव्हती, सरांचा चेहरा उजळला. "दोन म्हणजे काही कमी नाहीत. इतिवृत्तात आले ना, बास. दहा वर्षांनी कुणीतरी कागद काढेल आणि म्हणेल, दोघं नाही म्हणाले होते, का बरं म्हणाले असतील? तिथून सुरू होतं सगळं." त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला. "मी उगीच घाबरत होतो. मला वाटलं होतं, तू समितीला भुलशील."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून तिचं नाव पुकारलं गेलं. सर्वोत्कृष्ट फसलेली केस, डॉ. हेमांगी साखळकर, मिरज.

"जा," सर तिचा हात सोडत म्हणाले. "घे तो डबा. नाही म्हणणाऱ्यालाही कधीकधी मिळतो, हे पोरांना दिसू दे."

ती व्यासपीठावर गेली. अजितनं करंडक तिच्या हातात दिला आणि कानाशी म्हणाला, "थँक यू." कॅमेऱ्यांचे दिवे चमकले. तिनं खाली पाहिलं. पहिल्या रांगेत सर मान वर करून तिच्याकडे तोंड करून बसले होते, आणि आयुष्यात तिच्याकडे पाहून जेवढे अभिमानानं हसले नव्हते तेवढे हसत होते. आपल्या चेहऱ्यावर या क्षणी काय आहे ते त्यांना दिसत नाही, या विचारानं तिला हायसं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. मग, ती सोय चार वर्षांपूर्वी आपणच आपल्या हातानं करून ठेवली आहे, हे तिच्या लक्षात आलं. आणि तरीही ते बरं वाटणं गेलं नाही.